'सोमवारी म्हणाला' की 'सोमवारी देतो म्हणाला'? इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण आणि 'दॅट' कुठे ठेवायचे

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ येतात. गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले होते, म्हणून त्यांनी भागीदाराला व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'ही सेड ऑन मंडे ही वुड पे.' भागीदाराला वाटलं सोमवारी पैसे येणार, आणि त्याने मंगळवारचा चेक देऊन टाकला. प्रत्यक्षात गिऱ्हाईक सोमवारी नुसतं बोललं होतं, पैसे कधी देणार ते ठरलंच नव्हतं. चेक परत आला.

वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. पण 'ऑन मंडे' दोन दारांच्या मधोमध उभं आहे. 'म्हणाला'च्या घरचं की 'देईन'च्या घरचं, ते कळत नाही. मराठीत हा घोटाळा सहसा होत नाही. 'सोमवारी म्हणाला की पैसे देईन' आणि 'म्हणाला की सोमवारी पैसे देईन' ही दोन वाक्यं वेगळी ऐकू येतात, कारण मध्ये 'की'चं कुंपण असतं. इंग्रजीत ते कुंपण म्हणजे 'दॅट', आणि बोलताना तोच सर्रास गाळला जातो. त्यामुळे क्रियाविशेषणं (क्रिया कशी, कुठे, कधी झाली ते सांगणारे शब्द) आणि 'दॅट' हे शाळेत दोन वेगळे धडे असले, तरी मी ते एकत्रच शिकवतो.

खालची इंग्रजी वाक्यं मोठ्याने म्हणत चला. हा विषय डोळ्यांपेक्षा कानाचा आहे.

पहिली पायरी: क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये घुसू नका

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि क्रियाविशेषण त्याच्या अलीकडे कुठेही बसतं. 'तो इंग्रजी चांगलं बोलतो', 'तो चांगलं इंग्रजी बोलतो', दोन्ही चालतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म ही जोडी फोडायची नसते. 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' चूक, 'ही स्पीक्स इंग्लिश वेल' बरोबर. 'आय लाइक व्हेरी मच मिसळ' हे आपल्याला अगदी सरळ वाटतं, कारण मराठीत 'खूप आवडते' एकत्रच म्हणतो. इंग्रजीत मिसळ आधी: 'आय लाइक मिसळ व्हेरी मच'.

मग कर्माच्या मागे शब्दांची रांग कशी लावायची? इंग्रजीचा रोजचा क्रम कसं, कुठे, कधी असा आहे. गंमत म्हणजे तो बऱ्याचदा आपल्या क्रमाचं आरशातलं प्रतिबिंब असतो. 'मी काल बाजारात शांतपणे वाट बघितली' हे वाक्य शेवटाकडून वाचा: 'आय वेटेड पेशंटली इन द मार्केट यस्टरडे'. अपवाद जाण्यायेण्याच्या क्रियापदांचा. तिथे 'कुठे' क्रियापदाला चिकटतं: 'आय गो टु ठाणे बाय ट्रेन एव्हरी डे'. 'कधी'वर भर द्यायचा असेल तर ते सरळ वाक्याच्या तोंडाशी आणा: 'एव्हरी डे आय गो टु ठाणे बाय ट्रेन'. ही तोंडाशी आणण्याची युक्ती लक्षात ठेवा, सोमवारच्या भानगडीवर तीच औषध आहे.

दुसरी पायरी: 'किती वेळा' सांगणारे शब्द

ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर यांची जागा बरीच ठरलेली आहे. साध्या क्रियापदाच्या आधी: 'शी ऑलवेज लॉक्स द डोअर'. ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्या नंतर: 'शी इज ऑलवेज लेट'. सहायक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या नंतर: 'आय हॅव नेव्हर बीन टु गोवा'.

'नेव्हर'ची एक खास मराठी चूक आहे. आपण 'कधीच' म्हणतो आणि वर 'नाही'ही म्हणतो: 'मी कधीच चहा पीत नाही'. इंग्रजीत नकार एकदाच. 'आय नेव्हर ड्रिंक टी' झालं की संपलं. 'आय डोन्ट नेव्हर ड्रिंक टी' म्हणायचं नाही.

'प्रॉबॅब्ली' म्हणजे बहुतेक. हाही मधल्या जागेवर बसतो, 'ही विल प्रॉबॅब्ली कम', पण नकार आला की त्याच्या आधी सरकतो: 'ही प्रॉबॅब्ली वोन्ट कम'. 'मेबी' मात्र सहसा वाक्याच्या सुरुवातीला.

तिसरी पायरी: 'च', 'ही' आणि 'अजून'

शाळेच्या पुस्तकांनी जे सोडलं आणि आपण रोज चुकतो ते इथे आहे, म्हणून जरा थांबू. मराठीत 'च' आणि 'ही' हे शब्दाला चिकटतात. इंग्रजीत चिकटायला काही नाही. म्हणून आपण प्रत्येक 'च'साठी 'ओन्ली' ठोकून देतो: 'आय ॲम कमिंग टुडे ओन्ली'. भारतात हे सगळ्यांना समजतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण लंडनच्या किंवा टोरांटोच्या माणसाला त्यातून 'फक्त आजच येणार, पुन्हा नाही' असा अर्थ लागू शकतो.

खरं म्हणजे 'च'ला एक इंग्रजी शब्द नाही, प्रसंगानुसार वेगवेगळे आहेत. 'तोच माणूस' म्हणजे 'द सेम मॅन'. 'इथेच थांब' म्हणजे 'वेट राइट हिअर'. 'तो आत्ताच गेला' म्हणजे 'ही हॅज जस्ट लेफ्ट'. 'मला नकोच आहे' म्हणजे 'आय रिअली डोन्ट वॉन्ट इट'. 'कालच तर भेटलो' म्हणजे 'वुई मेट ओन्ली यस्टरडे'. इथे 'ओन्ली' खरोखर बसतो, पण शब्दाच्या आधी. आणि 'आजच येतोय' यासाठी? शब्दच नको. 'आय ॲम कमिंग टुडे' म्हणा आणि 'टुडे'वर जोर द्या. इंग्रजीत 'च'चं बरंचसं काम आवाज करतो.

'ही', 'पण', 'सुद्धा' यांचे तीन वाटे होतात. होकारी वाक्यात 'टू', शेवटी: 'मीही येतो' म्हणजे 'आय ॲम कमिंग टू'. नकारी वाक्यात 'आयदर': 'मीही गेलो नाही' म्हणजे 'आय डिडन्ट गो आयदर'. आणि जिथे आश्चर्य किंवा तक्रार आहे तिथे 'ईव्हन': 'त्याने साधा फोनही केला नाही', 'ही डिडन्ट ईव्हन कॉल'. मराठी वाक्यात 'साधा' बसत असेल, तर इंग्रजीत बहुधा 'ईव्हन' बसतो. ही माझी घरगुती चाचणी आहे, अजून फारशी फसलेली नाही.

त्या शेवटच्या वाक्यातला 'अजून'च घ्या. 'तो अजून झोपलाय' म्हणजे स्थिती तशीच चालू आहे, म्हणून 'स्टिल': 'ही इज स्टिल अस्लीप'. 'तो अजून आला नाही' म्हणजे अपेक्षित गोष्ट घडायची आहे, म्हणून 'येट', आणि तो शेवटी: 'ही हॅजन्ट कम येट'. 'अजून चहा घ्या' म्हणजे 'हॅव सम मोअर टी'. आणि घड्याळाकडे बघत वैतागून म्हटलेलं 'अजूनही आला नाही!'? तिथे पुन्हा 'स्टिल', पण नकाराच्या आधी: 'ही स्टिल हॅजन्ट कम!' 'येट'मध्ये माहिती आहे, 'स्टिल'मध्ये राग. ऑफिसच्या ईमेलमध्ये साहेबाला 'यू स्टिल हॅवन्ट रिप्लाइड' लिहिण्याआधी हा फरक आठवा.

चौथी पायरी: 'ली'वर भरवसा ठेवू नका

इथे पटकन पुढे जाऊ. विशेषणाला 'ली' लावलं की क्रियाविशेषण होतं, हा नियम बहुतेक वेळा खरा. 'फास्ट' तसाच राहतो, 'फास्टली' असा शब्द वापरात नाही. 'गुड'चं 'वेल' होतं. 'फ्रेंडली' दिसतं क्रियाविशेषणासारखं, पण आहे विशेषण. आणि 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे कष्ट करतो, तर 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेम काम करतो. शिफारसपत्रात ही अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. तसंच 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे हल्ली.

पाचवी पायरी: तुमचा 'की' नेमका कोणता, ते ओळखा

आता कुंपणाकडे. मराठी व्याकरणात 'की'ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात, म्हणजे म्हणणं काय आहे ते उलगडत दोन वाक्यं जोडणारा शब्द, आणि त्याच्या मागून येणाऱ्या, मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्याला गौण वाक्य. 'तो म्हणाला की बस चुकली', 'ही सेड दॅट ही हॅड मिस्ड द बस'. इथवर 'की' म्हणजे 'दॅट' हे समीकरण चालतं. पण आपला 'की' अनेक कामं करतो, आणि त्यातल्या थोड्याच कामांसाठी 'दॅट' आहे.

प्रश्नार्थक शब्द आला की 'दॅट' बाद. 'मला माहीत नाही की तो कुठे राहतो' याचं 'आय डोन्ट नो दॅट व्हेअर डज ही लिव्ह' होतं, ही वर्गात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली चूक. 'व्हेअर' स्वतःच जोडतो, त्याला 'दॅट'ची सोबत नको. शिवाय आतलं वाक्य प्रश्नासारखं उलटायचं नाही: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज'.

'तो येणार की नाही' यातला 'की' म्हणजे 'व्हेदर': 'आय डोन्ट नो व्हेदर ही इज कमिंग'. 'चहा की कॉफी' यातला म्हणजे 'ऑर'. 'पाऊस थांबला की निघू' यातला म्हणजे 'व्हेन': 'वुई विल लीव्ह व्हेन द रेन स्टॉप्स', आणि 'स्टॉप्स'च्या जागी 'विल स्टॉप' नको. 'सांगितलं होतं की तुला!' यातला तर नुसता ठसका आहे: 'आय डिड टेल यू!'

उलट बाजूने, 'दॅट' हवा असतो तिथे मराठीत 'की' नसतोच, असंही होतं. 'पाऊस येईल असं वाटतं', 'उद्या येतो म्हणून सांगितलं'. आपण सांगितलेली गोष्ट आधी ठेवतो आणि 'असं' किंवा 'म्हणून' लावून गाठ मागून मारतो. इंग्रजी गाठ आधी मारतं. म्हणून शेवटचं 'वाटतं' उचलून पहिल्यांदा ठेवायचं: 'आय थिंक दॅट इट विल रेन'. नकार असेल तर इंग्रजी तो 'थिंक'पाशीच नेतं. 'मला वाटतं तो येणार नाही' याला 'आय थिंक ही वोन्ट कम' चुकीचं नाही, पण रोजच्या बोलण्यात 'आय डोन्ट थिंक ही विल कम'. आपल्याकडेही 'तो येईल असं वाटत नाही' आहेच, त्याच वळणावर जा.

'म्हणे' हा शब्द मला फार आवडतो. दोन अक्षरांत ऐकीव माहिती सांगून आपण जबाबदारीही झटकतो. 'तो आजारी आहे म्हणे.' इंग्रजीत याला दोन रस्ते आहेत. एक 'दॅट'चा: 'आय हिअर दॅट ही इज इल'. दुसरा एका क्रियाविशेषणाचा: 'अपॅरंटली ही इज इल'. असंच 'नशिबाने' साठी 'इट वॉज लकी दॅट' किंवा नुसतं 'लकिली'. म्हणजे कधीकधी एक क्रियाविशेषण अख्ख्या 'दॅट'च्या वाक्याची जागा घेतं. दोन्ही एकदम मात्र घालू नका. 'प्रॉबॅब्ली आय थिंक दॅट मेबी ही विल कम' ऐकलं की माणूस येणार नाही अशीच खात्री पटते.

आणि 'बरं झालं तू आलास'? मराठीला इथे कर्ता लागत नाही. इंग्रजीला रिकामी खुर्ची चालत नाही, म्हणून तिथे 'इट' बसवतात: 'इट्स गुड दॅट यू केम'.

सहावी पायरी: कोणत्या क्रियापदाला 'दॅट' चालतो

'सेड'च्या मागे थेट माणूस येत नाही, 'टोल्ड'ला माणूस लागतोच. 'ही सेड दॅट' आणि 'ही टोल्ड मी दॅट' बरोबर. 'ही सेड मी दॅट' आणि 'ही टोल्ड दॅट' चूक. 'एक्स्प्लेन'ला माणसाआधी 'टु' हवा: 'शी एक्स्प्लेन्ड टु मी दॅट द फॉर्म वॉज राँग'.

'वॉन्ट'ला 'दॅट' चालत नाही. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' याचं 'आय वॉन्ट दॅट यू कम' होत नाही, 'आय वॉन्ट यू टु कम' होतं. 'सजेस्ट' याच्या नेमका उलटा: 'द डॉक्टर सजेस्टेड मी टु वॉक' चूक, 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट आय वॉक' बरोबर. तिथे 'ही' असला तरी क्रियापद 'वॉक'च राहू शकतं, 'वॉक्स' करावं लागत नाही. विचित्र वाटत असेल तर 'शुड' घाला, 'दॅट ही शुड वॉक', कुणी हरकत घेणार नाही.

सातवी पायरी: 'मी' म्हणजे कोण आणि 'उद्या' म्हणजे कधी

'भाऊ म्हणाला की मी उद्या येतो.' इथला 'मी' भाऊ आहे. मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या तोंडचेच ठेवतो, इंग्रजीत 'दॅट' लावला की सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं. 'माय ब्रदर सेड दॅट आय विल कम' म्हटलंत तर येणार तुम्ही! म्हणून 'ही'. आणि 'सेड' भूतकाळी असल्यामुळे 'विल'चं 'वुड'.

यानंतर क्रियाविशेषणं. शाळेत तक्ता पाठ केलेला असतो: 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'टुडे'चं 'दॅट डे', 'हिअर'चं 'देअर', 'अगो'चं 'बिफोर'. परीक्षेत तो डोळे मिटून लावा. आयुष्यात आधी कॅलेंडर बघा. भावाने आज सकाळी सांगितलं आणि तुम्ही दुपारी आईला सांगताय, तर उद्या अजून उद्याच आहे: 'ही सेज ही इज कमिंग टुमॉरो'. गेल्या महिन्यातली गोष्ट सांगत असाल तरच 'ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे'.

आठवी पायरी: 'दॅट' कधी गाळायचा

से, थिंक, नो, होप, ग्लॅड, शुअर यांच्यानंतर बोलताना बेलाशक गाळा. 'आय होप यू आर वेल' सहज वाटतं, 'आय होप दॅट यू आर वेल' थोडं इस्त्री केलेलं. ठेवला तरी चूक नाही. 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम मात्र देऊ नका.

काही ठिकाणी तो ठेवलेला बरा. 'रिप्लाय', 'एक्स्प्लेन', 'कम्प्लेन' अशा क्रियापदांनंतर. नामानंतर: 'द न्यूज दॅट द स्कूल वॉज क्लोज्ड'. आणि एका माणसाच्या दोन गोष्टी सांगताना दुसऱ्या गोष्टीआधी. 'ही सेड ही वॉज इल अँड द ऑफिस न्यू इट' यात ऑफिसला ठाऊक होतं हे तो म्हणतोय की तुम्ही? 'अँड दॅट द ऑफिस न्यू इट' म्हटलं की ती जबाबदारी त्याची. चौकशी अहवाल, सोसायटीचं इतिवृत्त असं काही इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हा दुसरा 'दॅट' कधी खाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे दोन क्रियापदांच्या मधे क्रियाविशेषण उभं असतं ती. 'ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड पे': बोलणं सोमवारचं. 'ही सेड दॅट ऑन मंडे ही वुड पे': पैसे सोमवारी. कुंपण सरकलं, अर्थ सरकला. त्याहून सोपं, ते क्रियाविशेषण मधून उचलून टाका. बोलण्याचा वार वाक्याच्या तोंडाशी: 'ऑन मंडे ही सेड ही वुड पे'. देण्याचा वार शेवटी: 'ही सेड ही वुड पे ऑन मंडे', कारण शेवटचं क्रियाविशेषण सहसा जवळच्या क्रियापदाला चिकटतं. पैशाच्या निरोपात मी तरी एवढी काळजी घेतो.

छोट्या शब्दांनाही हेच लागू. 'आय ओन्ली सेड दॅट शी टुक द कीज' म्हणजे मी नुसतं म्हटलं, आरोप केला नाही. 'आय सेड दॅट ओन्ली शी टुक द कीज' म्हणजे दुसऱ्या कुणी नाही, तिनेच. पहिल्यात माघार आहे, दुसऱ्यात आरोप. 'आय रिअली थिंक ही इज इल' यात माझी खात्री पक्की, 'आय थिंक ही इज रिअली इल' यात त्याचं दुखणं पक्कं.

नववी पायरी: 'इतका… की'

इथे दोघांची जोडी ठरलेली आहे. 'मी इतका दमलो होतो की ट्रेनमध्येच झोपलो': 'आय वॉज सो टायर्ड दॅट आय फेल अस्लीप ऑन द ट्रेन'. 'सो'च्या जागी 'व्हेरी' बसत नाही. 'व्हेरी टायर्ड दॅट' ही जोडी नाही. मधे नाम आलं तर 'सच': 'सच अ हॉट डे दॅट वुई स्टेड होम'.

राज्य मंडळाच्या परीक्षेतलं 'रिमूव्ह टू' इथलंच. 'शी वॉज टू टायर्ड टु कुक' आणि 'शी वॉज सो टायर्ड दॅट शी कुड नॉट कुक'. नकार 'टू'च्या पोटात लपलेला असतो, 'दॅट'च्या वाक्यात तो बाहेर येतो. म्हणूनच 'टू' म्हणजे 'खूप' नव्हे, 'नको इतका'. 'युअर टी इज टू स्वीट' ही स्तुती नाही, वहिनींना तसं म्हणू नका.

आता तुम्ही

उत्तर झाकून आधी स्वतः करा.

'तो अजून का आला नाही ते मला माहीत नाही.' 'आय डोन्ट नो व्हाय ही हॅजन्ट कम येट.' 'व्हाय' आहे म्हणून 'दॅट' नाही, वाक्य उलटं नाही, 'येट' शेवटी.

'आईने मला सांगितलं की मी कधीच कांदा खात नाही.' कांदा न खाणारी आई आहे: 'माय मदर टोल्ड मी दॅट शी नेव्हर ईट्स अनियन्स.' अजूनही खात नाही, म्हणून 'ईट्स' चालतं, 'एट'ही चालेल.

'मलाही वाटत नाही की तो आज पैसे देईल.' 'आय डोन्ट थिंक ही विल पे टुडे आयदर' असं लिहिलंत तर 'आयदर' 'टुडे'ला चिकटतो, म्हणजे कालही दिले नाहीत, आजही देणार नाही. 'मलाही' हवं असेल तर 'आयदर' आधी आणि मग कुंपण: 'आय डोन्ट थिंक आयदर दॅट ही विल पे टुडे'. हे वाक्य मात्र कानाला खडबडीत लागतं. इंग्रज माणूस बहुधा दोन वाक्यं करील: 'आय डोन्ट थिंक सो आयदर. ही वोन्ट पे टुडे.' आमच्या वर्कशॉपवाल्यांनीही हेच केलं. आता ते निरोप दोन तुकड्यांत पाठवतात, वार वेगळा आणि पैसे वेगळे.